दादाचे हात आणि भावोजींचा पेन ड्राइव्ह

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोरिवलीला राहतात आणि त्यांना सगळं येतं. पंखा कोणत्या कंपनीचा घ्यावा, मुंबईत पाणी कुठून येतं, गुडघेदुखीवर काय करावं, सगळं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दीड महिन्याचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. तेव्हापासून ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांना मोबाइल वापरायला शिकवतात, आणि लोकही भिडेखातर अंगठ्याचं चिन्ह टाकतात. माझ्या भावाने आयुष्यात एकदाच मनातलं सगळं सांगितलं होतं. ते यांनी एका सकाळी पुसून टाकलं आणि त्याला 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणाले.

भाऊ म्हणजे दादा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि तापात कान गेले. थोडी वर्षं तो बहिऱ्यांच्या शाळेत गेला. मग बाबांना तिथवर नेणं-आणणं जड झालं, आणि शाळा सुटली. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तरी ते वर्षभर डबा घेऊन घरातून निघायचे. असा माणूस मुलाच्या शाळेसाठी काय भांडणार. तर शाळेतल्या थोड्या खुणा आणि आमच्या घरात तयार झालेल्या पुष्कळशा खुणा, अशी मिळून दादाची भाषा झाली. ताई म्हणजे कानातलं ओढल्याची खूण. मी म्हणजे दोन वेण्या, अजूनही, या वयात. भावोजी घरात जावई म्हणून आले त्याच दिवशी दादाने त्यांची खूण ठरवली: छाती पुढे काढून तिच्यावर दोनदा थापटायचं. भावोजींना वाटतं ती 'मोठं मन' अशी खूण आहे. आम्ही कोणी सांगितलं नाही.

आई ही भाषा अस्खलित बोलायची. आई गेली. ताईचं लग्न लवकर झालं आणि ती विसरली, की विसरायचं ठरवलं, कोण जाणे. ती दादाशी मोठ्या आवाजात बोलते. जवळजवळ पन्नास वर्षं ती त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलते आहे आणि तिला अजून काही वेगळं सुचलेलं नाही. तेव्हा बँक, रेशनिंग ऑफिस, दवाखाना, सगळीकडे दादाचं तोंड म्हणून मी. माझं लग्न होऊन मी मुलुंडला गेले तरी ते सुटलं नाही. लोक म्हणायचे, किती करतेस गं भावाचं. मी नम्रपणे मान खाली घालायची. मला ते ऐकायला आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

दादा घाटकोपरच्या एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. त्याच मशीनवर त्याची नोकरी संपली, आणि दहाही बोटं शाबूत घेऊन तो बाहेर पडला. त्याला त्याचा फार अभिमान. मग उजव्या हाताचा अंगठा आपोआप थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले पार्किन्सन्स. वाढत जाणार. मी ते दादाला हातांनी सांगितलं. तो बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत बसला. मग म्हणाला (मी 'म्हणाला'च म्हणणार, कारण तो म्हणतोच), "हे जायच्या आत मला सगळं सांगायचंय. कॅमेरा आण. पुढच्या पोरांना कळू दे मी कोण होतो."

कॅमेरा भावोजींकडे होता. सिंगापूरच्या ट्रिपसाठी घेतलेला. तर पाच रविवार, जेवणं झाल्यावर, आम्ही दादाच्या घाटकोपरच्या खोलीत जमलो. भावोजी तीन पायांचा स्टँड लावून कॅमेऱ्यामागे उभे राहायचे आणि बहिऱ्या माणसाला "रेडी? ॲक्शन" असं सांगायचे. ताई पलंगावर बसायची. दादा खुर्चीवर. मी कॅमेऱ्याशेजारी, चित्रात न येता, त्याचे हात बघून मराठीत बोलत जायची. म्हणजे चित्र त्याचं आणि आवाज माझा.

दादा सुंदर बोलतो. बोलायचा. छापखान्यातल्या मालकाची चाल, पुराच्या दिवशी कागदाचे गठ्ठे माळ्यावर चढवले ते, आईने तव्यावर हात भाजून घेतला ते. त्याचे हात चालू झाले की खोलीत माणसं उभी राहायची. ताईसुद्धा हसली एकदा.

चौथ्या रविवारी त्याने खारदांड्याच्या मुलीचं काढलं.

ती त्याच्या शाळेतली. कोळ्यांची. तीही बहिरी. शाळा सुटल्यावरही दोघं भेटत राहिली. दादा बावीसचा झाला तेव्हा तिचे वडील आमच्या घरी आले, रीतसर, टोपी घालून, बरोबर मोठे पापलेट घेऊन. तिच्या घरच्यांना हे लग्न हवं होतं. आमच्या बाबांना नको होतं. त्यांना एक बहिरा मुलगा पुरेसा होता, आणि पाटी डोक्यावर घेऊन मासे विकणाऱ्या बाईची मुलगी सून म्हणून नको होती. आमचं गावाकडचं घर म्हणजे दोन खणांचं, पावसात गळणारं, पण तोरा मात्र असा. दादा दाराशी उभा होता. त्याला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, निदान असं आम्ही धरून चालत होतो. ते पाहुणे गेल्यावर बाबांनी मला बोलावलं. आई गावी गेली होती, मी चौदा वर्षांची. बाबा म्हणाले, "चेडू नाय म्हणता, असा सांग तेका."

मुलगी नको म्हणते, असं सांग त्याला. मी सांगितलं. दोन्ही हातांनी, नीट. दादाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तो छापखान्यात कामावर निघून गेला. त्याचं पुढे लग्नच झालं नाही.

तर त्या चौथ्या रविवारी दादा हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगायला लागला. मुलीचा बाप आला तिथपासून. आणि मी पहिल्यांदा ऐकलं, म्हणजे पाहिलं, की त्याला माहीत होतं. त्याने त्या कोळ्याचे ओठ वाचले होते. 'हो' म्हणणारा माणूस कसा दिसतो ते त्याला कळत होतं. तो म्हणत होता, "माझ्या बहिणीने मला 'नाही' सांगितलं. तिचे हात खोटं बोलत होते. तिचं वय चौदा. बाबांनी सांगायला लावलं. मी तिला कधी विचारलं नाही."

पलंगावर ताई होती. कॅमेऱ्यामागे भावोजी. मी मराठीत बोलले, "मग एका मुलीचं स्थळ आलं होतं, पण ते काही जमलं नाही."

एवढंच. त्याचे हात चालत राहिले आणि मी गप्प बसले. मग तो छापखान्याकडे वळला आणि मी पुन्हा बोलायला लागले, अगदी गोड आवाजात.

त्यानंतर ते कार्ड आठ महिने भावोजींच्या कपाटात पडून होतं. "एडिटिंग करतो, टायटल टाकतो, मागे संगीत देतो." संगीत, बहिऱ्याच्या फिल्मला. त्या आठ महिन्यांत दादाचे हात गेले. गेले म्हणजे आहेत, पण खुणा एकमेकांत मिसळतात. 'पाणी' आणि 'पुस्तक' मला वेगळं ओळखू येत नाही. शेवटी मी एका सकाळी बोरिवलीला जाऊन त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, "भावोजी, काही टायटल नको. मला ते तसंच एका पेन ड्राइव्हवर द्या. आत्ता."

त्यांनी लॅपटॉप काढला. कार्ड एका बाजूला लावलं, पेन ड्राइव्ह दुसऱ्या बाजूला. 'कॉपी' करायच्या ऐवजी 'कट' केलं, कारण कार्ड लगेच मोकळं व्हायला हवं होतं, संध्याकाळी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. हिरवी पट्टी सरकायला लागली. अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबली. भावोजींना अकराला पूजेच्या कमिटीची मीटिंग होती. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"अडकलंय हे," ते म्हणाले.

"चालू आहे भावोजी. दिवा लुकलुकतोय बघा."

"अगं, होतं असं. परत लावलं की पुढून सुरू होतं." आणि त्यांनी पेन ड्राइव्ह उपटला. लॅपटॉप गोठला, म्हणून कार्डही उपटलं.

परत लावलं. पेन ड्राइव्हवर चार फाइली दिसल्या, एकाही फाइलीत काही नाही. सगळ्यांपुढे शून्य. कार्ड लावल्यावर पडद्यावर चौकट आली की हे फॉरमॅट करावं लागेल. माझं वाचून व्हायच्या आत त्यांनी 'हो' दाबलं.

"हे बघ, कार्ड ओके आहे," ते समाधानाने म्हणाले.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. ताई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "एवढं काय गं, परत शूटिंग घेऊ की." मी म्हटलं, कोणाचं, कोणत्या हातांचं? ती म्हणाली, "आता तू ह्यांच्यावर ओरडू नकोस. मुद्दाम केलं का त्यांनी?" भावोजी चप्पल घालून मीटिंगला गेले. पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला, कार्ड मात्र स्वतःजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा ते मिळालं.

मी मुलुंडच्या बसमध्ये बसले आणि मला रडू येईना. खरं सांगायचं तर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. चौथा रविवार गेला. आता त्या चार मिनिटांत दादा काय म्हणाला हे कोणाला कधी कळणार नाही. भावोजींवर मी इतकी ओरडले त्याचं एक कारण हेही होतं. माझ्यासारख्या चांगल्या बायका असल्या वेळी मोठ्याने ओरडतात.

पण दादाला काय सांगणार? त्याला घडलेलं सांगितलं तेव्हा तो हातांनी फक्त म्हणाला, "परत आण." ही खूण कितीही थरथरली तरी कळते.

मालाडला स्टेशनजवळच्या बाजारात एका दुकानावर पाटी होती, 'सर्व प्रकारचा डेटा परत मिळेल'. मोबाइलच्या कव्हरांच्या माळांमागे एक माणूस बसला होता. त्याने मला एक शब्दही न विचारता कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावलं. "सॉफ्टवेअर मारतो, अर्ध्या तासात होतं." अर्ध्या तासाने त्याने पडदा माझ्याकडे वळवला. सत्यनारायणाचे तीसएक फोटो. केळीचे खांब, प्रसादाची पातेली, फेटा बांधलेले भावोजी. कार्ड खरंच ओके आहे का हे बघायला त्यांनी त्याच संध्याकाळी त्यावर पूजेचे फोटो काढले होते आणि नंतर पुसले होते.

"आले ना फोटो?" दुकानदार म्हणाला. त्याला वाटलं मी खूश होईन.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईने मग मरोळच्या गावठाणातला पत्ता दिला. जुनं कौलारू घर, दाराशी क्रूस, ओट्यावर सुकत घातलेल्या मिरच्या. आतल्या खोलीत पस्तिशीची एक बाई भिंग लावून बसली होती. तिचं कुटुंब तिथलंच, पिढ्यान् पिढ्या भातशेती करणारं. शेतावर आता काचेच्या इमारती आहेत आणि ती त्या इमारतींतल्या लोकांच्या मोडलेल्या डिस्क दुरुस्त करते. मी बसायच्या आत ती म्हणाली, "कोणी काय काय केलं ते क्रमाने सांगा. लाज वाटली तरी सांगा. लपवलंत तर माझा वेळ जाईल."

मी सांगितलं. उपटणं, फॉरमॅट, पूजा, मालाड. प्रत्येक गोष्टीला ती नुसती मान हलवत होती.

"आता एक करा," ती म्हणाली. "हे कार्ड आणि पेन ड्राइव्ह, दोन्ही परत कशालाही लावायचं नाही. उगाच बघायला म्हणूनसुद्धा नाही."

"लावल्याने काय होतं?"

"ही चिप वहीसारखी नसते, खोडलं आणि त्याच ओळीवर लिहिलं असं. ती नवीन मजकूर दुसऱ्या कोऱ्या जागी लिहिते. जुना तिथंच पडून राहतो. फक्त यादीतून त्याचं नाव जातं. नंतर तिला वेळ मिळाला, म्हणजे वीज मिळाली, की ती आपणहून साफसफाई करते. तुम्ही लावलंत की तिला वीज मिळते."

"आणि फॉरमॅट?"

"तुमच्या भावोजींनी यादी फाडली. सामान घरातच आहे. पण यादी नसल्याने सगळी जागा कोरी धरली गेली, म्हणून जिथे पूजेचे फोटो बसले तेवढं मात्र गेलं. ते देवसुद्धा आणणार नाही." तिने कार्ड एका छोट्या खोक्यात सरकवलं. ते खोकं कार्डावरचं फक्त वाचतं, काही लिहू देत नाही. "आधी मी याची जशीच्या तशी नक्कल काढणार. मग जे काय करायचं ते नकलेवर. मूळ वस्तूवर प्रयोग करणारे मालाडला बसतात."

मला ती बाई फार आवडली. तिने एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. मी घाटकोपरहून मेट्रोने गेले. पहिल्या रविवारचा सुरुवातीचा भाग पूजेखाली गाडला गेला होता, कायमचा. दादाचा ताप, त्याची शाळा, आई त्याला पहिली खूण शिकवते ते, सगळं. तिथे आता केळीचे खांब. पहिल्याचा उरलेला भाग आला, दुसरा आणि तिसरा रविवार पूर्ण आले. मी पाहिले तिथेच बसून. दादाची दहा बोटं, स्वच्छ. चौथ्या आणि पाचव्याचा मात्र फक्त आवाज आला होता.

"कार्डावर आधीपासून त्या सिंगापूरचे व्हिडिओ होते, मधले मधले पुसलेले," ती म्हणाली. "त्यामुळे तुमचे शेवटचे दोन तुकड्यांत लिहिले गेले, जागा मिळेल तिथे. चौथ्याचे थोडे तुकडे पेन ड्राइव्हवरही मिळाले. तिथं शून्य दिसत होतं, पण उपटायच्या आधी जेवढे पोचले तेवढे पोचले होते. आवाज जोडता आला. चित्र उलगडायला कॅमेरा फाइलीच्या शेवटी एक किल्ली लिहून ठेवतो, ती सापडत नाही."

"मग आता?"

"त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला दुसरा कुठलाही व्हिडिओ आणा. दोन मिनिटांचा चालेल. त्याची किल्ली याला लावून बघते. लागेलच असं सांगत नाही."

मी तो आवाज घरी नेला आणि ऐकला. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, दादाच्या तळव्यावर तळवा आपटल्याचे आवाज. आणि माझा आवाज. स्पष्ट, समंजस, भावासाठी किती करणाऱ्या बहिणीचा. "मग एका मुलीचं स्थळ आलं होतं, पण ते काही जमलं नाही." त्यानंतर पंखा.

ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चला, आवाज तरी आला ना. मेन तेच." बहिऱ्या माणसाच्या व्हिडिओत आवाज आला म्हणून आमच्या घरात आनंद झाला. भावोजींनी तर ग्रुपवर टाकलं की ऐंशी टक्के डेटा रिकव्हर झाला. मला हसायला हवं होतं, पण मी त्यांच्यापेक्षा काय वेगळं करत होते? पाच दिवस मी कॅमेरा मागितलाच नाही. म्हटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं. माझ्या पदरात सोयीचं पडलं होतं आणि ते मी तसंच राहू देणार होते.

सहाव्या दिवशी दादाकडे गेले. त्याने विचारलं, "आलं?" मी सांगितलं, तीन रविवारांचं चित्र आलं, दोन रविवारांचा नुसता आवाज. त्याने माझ्याकडे बघितलं. मग सावकाश, प्रत्येक खूण दोनदा करत, म्हणाला, "आवाज तुझा. माझं काय आलं?"

मी त्याच पावली बोरिवलीला गेले.

भावोजींनी कॅमेरा एकटा दिला नाही, स्वतः बरोबर आले. वाटेत मला सांगितलं की पेन ड्राइव्ह नेहमी 'सेफली रिमूव्ह' करून काढावा, लोक काळजी घेत नाहीत. खोलीत आल्यावर त्यांनी स्टँड लावला, सेटिंग तपासलं, म्हणाले, "बोल म्हणावं काहीतरी." दादाने मला विचारलं, काय बोलू? मी सांगितलं, काहीही, दोन मिनिटं. त्याचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. त्याने उजवा उचलला, छातीवर दोनदा थापटलं, आणि मग मोडून फेकून दिल्याची खूण केली. ती खूण थरथरत्या हातांनी आणखीच चांगली झाली.

"काय म्हणतोय?" भावोजींनी विचारलं.

"थँक्यू म्हणतोय," मी म्हटलं.

दादा माझ्या ओठांकडे बघत होता. त्याने हात खाली ठेवले आणि उरलेली दोन मिनिटं नुसता कॅमेऱ्यात बघत बसला. त्याचीच किल्ली मरोळच्या बाईने लावली, आणि ती लागली.

चौथा रविवार आम्ही दादाच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिला. मी आधी एकटीने पाहायला हवा होता. पाहिला नाही, धीर झाला नाही. चित्रात मधूनच राखाडी चौकोन येत होते, कधी दादाच्या खांद्यावर, कधी भिंतीवर. हात मात्र पूर्ण दिसत होते. कोळ्याची टोपी आली, पापलेट आले. माझं ते वाक्य आलं. आणि नंतर पडद्यावर दादाचे हात चालत राहिले, मिनिट झालं, दोन झाली, आणि आवाज नाही.

"ऑडिओ गेला का परत?" भावोजी म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"मग तू का बोलत नाहीस? तो तर केवढं बोलतोय."

सगळ्या आयुष्यात त्या माणसाने विचारलेला हा एकच नेमका प्रश्न, आणि तो त्यांनी मला विचारला. मी दादाकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत नव्हताच. माझ्याकडे बघत होता.

मी व्हिडिओ मागे घेतला आणि पहिल्यापासून बोलले. एकेक खूण, जशी होती तशी. मुलीचा बाप 'हो' म्हणाला होता. बाबांनी मला काय सांगायला लावलं. माझे हात खोटं बोलले. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल, पण नाही कापला. इतकी वर्षं बोलायची सवय.

ताई म्हणाली, "बाबा असं करणारच नाहीत. तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल." तिचा चेहरा लाल झाला होता. "आणि आता हे उकरून काय मिळालं?"

मी ते दादाला हातांनी सांगितलं, जसंच्या तसं, ताईच्या देखत. मग माझं विचारलं. "तुला माहीत होतं मी त्या दिवशी इथे बोलले नाही ते?"

त्याला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. मला दोनदा थांबवून विचारावं लागलं. तो म्हणाला, "तुझे ओठ बंद होते. मी आंधळा नाही." मग म्हणाला, "चौदा वर्षांच्या मुलीवर मी रागावलो नाही. बावन्न वर्षांच्या बाईवर रागावलो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"कोणाला सांगू? बोलून दाखवणारी तूच."

 भावोजींनी उठून स्टँडची घडी घातली, उगाच, आणि पुन्हा उघडली.

त्यानंतरच्या रविवारपासून आम्ही नव्याने बसतो. जुन्या चित्रावर मी नव्याने आवाज देते. दादा शेजारी बसून माझ्या ओठांवर नजर ठेवतो. एखादं वाक्य त्याला आखूड वाटलं तर माझं मनगट धरतो, आणि मग आम्ही मागे जातो. बऱ्याचदा तो बरोबर असतो. कितीतरी ठिकाणी मी त्याचं बोलणं गोड करून, छाटून, पाहुण्यांना चालेल असं करून ठेवलं होतं, मालकाला दिलेल्या शिव्यासुद्धा. पूजेखाली गेलेला पहिला भाग तो पुन्हा सांगायचा प्रयत्न करतो. निम्मं कळतं. जिथे कळत नाही तिथे मी 'कळलं नाही' असंच कॅमेऱ्यासमोर बोलते. ते त्याला चालतं.

भावोजी आता सगळ्याच्या तीन-तीन नकला काढतात आणि प्रत्येकीवर मार्करने तारीख लिहितात. ग्रुपवर त्यांनी डेटा कसा जपावा यावर तीन भागांत मार्गदर्शन केलं. त्यात स्वतःचं नाव नाही, 'एका ओळखीच्या गृहस्थांनी' असं आहे.

ताईही येते, न चुकता, डब्यात शिरा घेऊन. चौथ्या रविवारचा तो भाग लागला की उठून मोरीकडे जाते आणि धुतलेली भांडी पुन्हा धुते.